दुसऱ्या हातात

मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर सरोजिनीबाईंच्या शेजारी दोघं बहीणभाऊ बसले होते. वडील जाऊन महिनाही झाला नसावा, असं बाईंनी बोलण्यावरून ताडलं.

"आक्का, तात्या हसतच घराबाहेर पडले. दहाव्याला तूच सगळ्यांना सांगितलं."

"व्हय. पण त्यानंतर डॉक्टर म्हणाले, सकाळपासूनच छातीत दुखत असणार. तवापासून तात्या मला दारात छाती धरून उभे दिसतात. अन् मी त्यांना जाऊ दिलं."

"मी तिथंच होतो की. छाती धरायला त्यांचा हात कुठं मोकळा होता?"

"एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हातात काय होतं रे, माऊली?"

गाडी येताना दिसली, सरोजिनीबाई उठल्या. भाऊ अजून रुळांकडं बघत होता.

"आत्तापर्यंत मला डबा दिसायचा, आक्का. आता तो हात छातीवर दिसतोय."