चुलीत टाकलेल्या गोळ्या

सांगलीतल्या मानसोपचार दवाखान्यात ज्ञानदा आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर आटपाडीहून आलेल्या हरणाबाई आणि त्यांचा मुलगा दिग्विजय होते. न ऐकायचं ठरवलं तरी ऐकू येत होतं.

"आये, हळू बोल. लोक बघत्यात."

"बघू देत. भिंतीवर काय लिवलंय वाच. व्यसनमुक्ती! मी काय दारू पिती व्हय रं?"

"झोपंच्या गोळीची बी सवय लागती, आये."

"लावली कुणी? तुझा बा गेला तवा डॉक्टरनंच दिली न्हवं? मेडिकलवाला चिठ्ठी न बघता वर्सानुवर्सं देत व्हता, तवा कुणाला येसन दिसलं न्हाई!"

"म्हणून तर मी चुलीत टाकल्या."

"लय शाणा! मिसरीचा डबा फेकला आन मिसरी सुटली, तशी गोळी सुटंल व्हय? दोन-तीन दिसांत फिटचा झटका आला मला. आन गल्ली म्हणती, हरणाबाईच्या अंगात आलं!"

"चुकलं माझं. मला काय म्हाईत? परत आनून दिल्या न्हवं गोळ्या?"

"आता ह्यो डॉक्टर बी एकदम बंद कर म्हणला, तर उठून आटपाडीची गाडी धरीन. पुन्यांदा तसलं मरण नगं."

दार उघडून डॉक्टर स्वतःच बाहेर डोकावले.

"हरणाबाई, या. घाबरू नका, गोळी एकदम बंद करायची नाही. थोडी थोडी कमी करत नेऊ. काही महिने लागतील."

हरणाबाई उठल्या, पण दारातच थांबल्या.

"आसं हाय व्हय? मग पयली गोळी हातावर ठिवली, तवाच एवढं सांगायला त्या डॉक्टरचं काय जात व्हतं?"