लालच्या जागी केशरी

सत्यशीला : "एक दिवसही चुकवायचं नाही, सत्यशीलाबाई," असं नर्सबाई पहिल्या पाकिटासंगंच म्हणल्या होत्या, दीपा. म्हून सकाळची वंदना झाली की टीबीच्या गोळ्या. पाणी आण.

दीपा : आणते, आई. आधी हा झेंडा पाहा. उद्या विहारावर लावायचा हाये, अन् तुमी लालच्या जागी केशरी पट्टा शिवला.

सत्यशीला : आता सून मले पंचशील झेंडा शिकवते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. झोपेतही शिवीन मी.

दीपा : मंग लालवर बोट ठेवा.

सत्यशीला : हा घे.

दीपा : तो केशरी हाये, आई.

सत्यशीला : कापडच फिकं देल्लं दुकानदारानं. परवा दुकानात चांगलं सुनावलं मी त्याले.

दीपा : अन् त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. कापड लालभडक हाये. कधीपासून असं दिसून राह्यलं?

सत्यशीला : झाले चार-आठ दिवस. थोडं धुकटही दिसते. वय झालं म्हणलं.

दीपा : थांबा. गोळी हातातच राहू द्या.

(दीपा आत जाऊन फोन करून येते.)

दीपा : नर्सबाईशी बोलली मी. या गोळ्यातलं एक औषध कोणाकोणाच्या डोळ्याले बाधते. आजची गोळी घेऊ नका, आत्ताच दवाखान्यात या म्हणते. डॉक्टर डोळे पाहून औषध बदलतीन. लवकर गेलं तर नजर बहुतेक सुधरते.

सत्यशीला : नाही पोरी. तुह्या सासऱ्यानं खोकला थांबला अन् गोळ्या सोडल्या. मले टीबी निघाला तवा त्याइच्या फोटोपुढं शब्द देल्ला मी, पुरत्या घेईन म्हून.

दीपा : बाबांनी कोणाले विचारलं होतं?

सत्यशीला : कोणालेच नाही. म्हणूनच तर.

दीपा : तुमाले दवाखानाच थांबा म्हणून राह्यला. दिसण्यात फरक पडला तर त्याच दिवशी सांगा, हेही नर्सबाईनंच सांगतलं होतं. मी संगं होती. तुमी अर्धंच ध्यानात ठेवलं.

सत्यशीला : ...ठेवलं खरं अर्धंच.

दीपा : मंग?

सत्यशीला : चपला दे माह्या. दिग्रसची गाडी येईल आता.

दीपा : अन् गोळ्या?

सत्यशीला : पिशवीत टाक, पाण्याची बाटलीही घे. डॉक्टर घ्या म्हणले, तर तिथंच त्याइच्यापुढं घेईन.