नदीकडची भिंत

मी नागपूरले इमारतींचं डिझाइन शिकून राहिलो ना, तर सरांनी परीक्षेले सांगितलं, नदीकाठचं घर काढा. मले वाटलं, आपलं तर कामच झालं! आपलं पांढुर्णा जाम नदीच्या काठावरच आहे. लगेच घर काढलं अन् सरांले नेऊन दाखवलं.

सरांनी चित्र फिरवून-फिरवून पाहिलं. म्हणाले, "नदीच्या बाजूला एकही खिडकी नाही?"

"दगड येते ना सर."

"कुठून?"

"पलीकडून, सावरगावहून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार राहते. दोन्ही गावचे लोक नदीच्या दोन काठांवरून एकमेकांले दगड मारते."

"पण तुमच्या घरावर कोण मारतं?"

"मामा. आईचं माहेर तिकडचंच आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं. मग घराचं मोठं दार नदीकडं कशाला?"

"त्याच संध्याकाळी मामा जेवाले येते ना सर."

सरांनी मार्क दिलेच नाही. त्या दारावर लाल पेनानं एवढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं. आता तुम्हीच सांगा, यात चुकलं काय? मले तर अजून समजून नाही राहिलं.