नणंदबाईंना दाखवायची लिली

तुम्ही मघापासून शेजारधर्माचे गोडवे गात आहात, म्हणून मला हे सांगणे भाग आहे. आम्ही डोंबिवलीला तळमजल्यावर राहत होतो, तेव्हा मी खिडकीखाली डे लिली लावली होती. आमच्या कळव्याच्या नणंदबाई येता-जाता म्हणत, "वहिनी, तुमच्या हाताला माती काही मानवत नाही." त्या एका वाक्यापायी मी दोन वर्षे त्या रोपाला तांदळाचे धुवण घातले, गोगलगायी वेचल्या. अखेर कळी धरली. हे फूल जेमतेम एक दिवस टिकते, म्हणून नेमका अंदाज बांधून मी नणंदबाईंना रविवारी जेवायलाच बोलावले.

रविवारी सकाळी पाहते, तर नुसता देठ!

"आलंच नसेल हो फूल," जेवायला आलेल्या नणंदबाई समजुतीने म्हणाल्या.

इतक्यात शेजारच्या कुमुदताईंनी आम्हाला प्रसादाला हाक मारली. त्यांच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या मस्तकावर माझी केशरी लिली विराजमान झालेली!

"हे फूल आमच्या खिडकीखालचं आहे," मी म्हणाले.

"वहिनी, निदान देवासमोर तरी खरं बोला," नणंदबाई म्हणाल्या आणि कुमुदताईंकडे वळल्या. "काय सुरेख फूल फुलवलंत! खत कोणतं घालता हो?"

देवाला वाहिलेले फूल परत मागण्याची सोय नव्हती. कुमुदताईंनी माझ्याकडे न पाहता शांतपणे सांगितले, "खत कसलं? रोज नियमाने तांदळाचं धुवण, आणि गोगलगायी तेवढ्या वेचायच्या."

माहिती मात्र अगदी अचूक होती.