राजवाड्याबाहेर

नाही गं स्वानंदी, हे आतले फोटो दाखवून मला काय कळणार — मी आत आलेच कुठे? व्हिएन्नाला जाऊन राजवाडा बाहेरून बघितलेली बाई मी. स्ट्रोलर आत चालत नाही म्हणाले, मग सियाजवळ कोण बसणार? आजी. तुम्ही दोन्ही जोडपी, चौघं आत, मी बागेत. बाग छान होती, खोटं कशाला बोलू — झाडंसुद्धा भिंतीसारखी कापलेली. थंडी मात्र अशी की सियाचे पाय माझ्या शालीत. म्हटलं, नागपूरला गेले की ह्यांना सांगेन, एवढ्या खिडक्या, पुसत कोण असेल हो? हसले असते. पॅरालिसिसनंतर अर्ध्याच तोंडानं हसायचे — पण हसायचे.

घे ना चिवडा. आश्लेषाची ट्रेन लेट आहे, सूनबाई येईपर्यंत बस निवांत.

चारू बाहेर आला तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाला, थंडी आहे, आई. मग तुझ्या सिद्धेशनं आमचा फोटो काढला — हा बघ, हाच — केवढी हसतेय मी. दोन दिवसांनी इथे अमेरिकेत, एडिसनला पोचलो, बॅगा अजून दारात, तेव्हा म्हणाला, बाबा गेले, काल रात्री, अचानक. मी मानलं. पोटचा मुलगा सांगतोय, न मानून काय करणार? अग्नी पुतण्यानं दिला, मोरेश्वरनं. परवा त्याचाच फोन होता, घराच्या किल्ल्यांचं विचारत होता, बोलता बोलता म्हणाला, काकू, मी तर तुम्ही राजवाड्यात होतात तेव्हाच चारूला कळवलं होतं — काका सीरियस आहेत, काकूंना विचारताहेत.

तिथून नागपूर जवळ होतं गं. आम्ही उलटे आलो. का, ते कळतं मला — मी गेले असते तर सियाला कोण बघणार, आश्लेषाची नोकरी नवी, डे-केअरचा नंबर अजून लागलेला नाही. सगळं कळतं. चारूला नाही विचारलं मी. तो खरं सांगेल, आणि मग ह्या घरात मी रोज पोरीला भरवायचं कसं? म्हणून तुला विचारते. तू आत होतीस. त्यानं तुम्हाला सांगितलं होतं? चौघांनी मिळून ठरवलंत, आईला नको सांगायला?

फोटो ठेव बाजूला. माझ्याकडे बघ.

बरं. उठलीस?

कप राहू दे तिथेच, मी उचलते. सिया उठेल आता. ये तू.