खरी लव्हॉन फार चांगली होती

नाही, मला एवढंच सांगा, आपल्याच श्रद्धांजलीला आपल्यालाच रडू आलं, तर डोळे पुसायचे कुणाच्या नावानं?... हसू नका! तुम्हाला सांगते, भर सकाळी, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच रेडिओवर तो हॉलिस ड्रेक हुंदके देऊन देऊन सांगत होता की आपली लव्हॉन मावशी आता या जगात नाही, आणि मी, लव्हॉन टिडवेल, हातात सुरी, पुढ्यात अर्धवट चिरलेली भेंडी, ओट्याला टेकून ढसाढसा रडत होते! का? तर तो बोललाच इतकं छान! "अशी बाई पुन्हा होणार नाही," म्हणाला. अहो, आमचे एमेट गेले तेव्हा पाद्रीबाबा सुद्धा एवढं बोलले नव्हते, आणि एमेट तर खरोखरचे गेले होते!

आता हा हॉलिस म्हणजे कोण, तर टल्साहून रोज सकाळी रेडिओवर बोलतो. "झोपू नका!" अशी आरोळी ठोकतो आणि सुरू होतो... नळाच्या पाण्यात काय घालतात, विजेचा मीटर घरातलं बोलणं कसं ऐकतो, वादळं कोण बनवतं, कुठे बनवतं. आमच्याकडे अर्धं ओक्लाहोमा ट्रॅक्टरवर बसून त्यालाच ऐकतं. मी आधी नव्हते हो ऐकत. पण एमेट गेले आणि घर असं गप्प झालं, असं गप्प झालं, की बोलणारा म्हणून एक फ्रिज तेवढा उरला. मग एके दिवशी केला धीर आणि लावला फोन. आणि काय सांगू... पुढच्या वेळी त्यानं ओळखलं! "काय गं मावशी, गुडघा काय म्हणतोय?" साऱ्या राज्यासमोर! माझी पोटची पोरगी फीनिक्सला असते, ती रविवारी फोन करते आणि हवामान विचारते. हवामान! आणि हा कोण कुठला टल्साचा, माझा गुडघा लक्षात ठेवतो... मी म्हटलं, हा आपला माणूस!

तेव्हा आपलं राज्य नव्हतं. वर तो आधीचा अध्यक्ष बसला होता, आणि चौकाचौकात खांबावर गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेरे लावायचं निघालं होतं. हॉलिस नुसता पेटला! "चौकातला कॅमेरा म्हणजे गळ्यातला पट्टा! आज गाडी बघतील, उद्या स्वयंपाकघर बघतील!" असा ओरडायचा की माझ्या रेडिओची जाळी थरथरायची. एक फवारा पण विकायचा, नंबरप्लेटवर मारला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मी इतका मारला, इतका मारला, की कॅमेऱ्याचं राहू द्या, मलाच माझा नंबर दिसेना. आणि कचेरीसमोर फलक घेऊन उभी राहिले होते मी, बर्फाचे खडे पडत असताना, या गुडघ्यानं! शेजारचा ऑरव्हिल टीग म्हणाला, "वहिनी, घरी चला, गारठून मराल." मी म्हटलं, "मरेन, पण पट्टा घालून घेणार नाही!" हॉलिसनं रेडिओवर माझं नाव घेतलं. "एकटी लव्हॉन मावशी उभी आहे, आणि तुम्ही झोपलाय!" आपला माणूस हो, आपला माणूस!

मग निवडणूक झाली. आपला निवडून आला. मी कोंबडी तळून सगळ्या आळीत वाटली, आता आपलं राज्य, आता मोकळा श्वास... आणि एका सकाळी बघते तर काय, आमच्याच कोपऱ्यावर शिडी लावून दोन माणसं खांबाला पेटी ठोकतायत. तीच पेटी! तोच कॅमेरा! आणि तोंड कुठे, तर सरळ माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे!

मी अशी धावले फोनकडे, अशी धावले... खरं सांगू, घाबरून नाही. आनंदानं! इतकी वर्षं त्यानं ज्याची वाट बघायला लावलं होतं ते आपल्या दारात आलं, आणि ते हॉलिसला पहिल्यांदा सांगायचा मान कुणाला, तर मला! त्याच्याकडे फोन घेणाऱ्या पोरीनं लगेच जोडून दिलं.

"काय गं मावशी, गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा मरू दे रे! आले! कॅमेरे आले! माझ्या दारात ठोकतायत!"

तो म्हणाला, "हां हां, ते. मावशी, ते आपले आहेत."

"आपले म्हणजे?"

"आपले कॅमेरे. आपल्या माणसानं लावलेले. ते फक्त वाईट लोकांना बघतात."

मी म्हटलं, "अरे, पण तो माझे परकर बघतोय!"

आता हे मी भांडायला म्हटलं का? मला समजून घ्यायचं होतं! मी म्हटलं, "हॉलिस, पेटी तीच, कंपनी तीच, खांबसुद्धा तोच. तूच म्हणाला होतास ना, गळ्यातला पट्टा? मग आपल्या माणसानं घातला की तो काय हार होतो?"

आणि हे सगळं रेडिओवर, सारं राज्य ऐकतंय! आणि मग त्यानं विचारलं, तुम्हाला सांगते, त्या आवाजात अंगणातल्या परक्या कुत्र्याशीसुद्धा कुणी बोलत नाही...

"बाई, तुम्ही कोण बोलताय?"

तुम्ही! मला! अहो, जो मला 'काय गं' म्हणायचा, तो मला 'तुम्ही' म्हणाला! फोन तुटला ते मला नंतर कळलं. माझं जे तुटलं ते त्या 'तुम्ही'लाच.

दुसऱ्या दिवशी अख्खा कार्यक्रम माझ्यावर! एक आवाजतज्ज्ञ बोलावलेला. तो म्हणे, कालची बाई 'हॉलिस' म्हणताना 'हॉ' लांबवत नव्हती, खरी लव्हॉन लांबवायची. अरे, पण मी धापा टाकत होते! कॅलिफोर्नियाहून एकाचा फोन, म्हणे, हल्ली यंत्रावर कुणाचाही आवाज बनतो. अरकन्सॉची एक म्हणाली, मला कधीपासून संशय होता, ती अलीकडे फारच आनंदी वाटायची. आणि सगळ्यांचं मिळून ठरलं की खऱ्या लव्हॉनला 'त्यांनी' उचललं, संपवलं, आणि तिच्या जागी भाडोत्री बाई बसवली, कशासाठी, तर आपल्या माणसात आणि आपल्यात भांडण लावायला. मग हॉलिस रडला. मग मेणबत्त्या लावायला सांगितल्या. मग प्रार्थना. आणि मग तो जुना फवारा, आता नव्या नावानं, नंबरप्लेट चकचकीत ठेवणारा, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याला आपण नीट दिसावं! मी रडत रडत भेंडी चिरली. दोन बोटं कापून घेतली.

ऑरव्हिलकडे गेले. चाळीस वर्षांचा शेजार. एमेटच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस. म्हटलं, "ऑरव्हिल, तू तरी सांग त्यांना, मी मीच आहे!"

त्यानं टोपी काढली. माझ्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, गाईंकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही तुम्हीच आहात, ते मला दिसतंय. पण हॉलिस उगाच बोलायचा नाही. मी आपला दोन्ही बाजू समजून घेतोय."

दोन्ही बाजू! मी जिवंत आहे याच्या दोन बाजू! म्हटलं, "फोन दे तुझा." माझ्या नंबरवरून लागतच नव्हता ना, बंद करून टाकला होता. ऑरव्हिलच्या नंबरवरून लावला, आवाज जाड करून 'ऑरव्हिलची बायको' म्हणून सांगितलं, आणि जोडल्याबरोबर बोलले, "हॉलिस, काहीही विचार मला! गुडघा डावा, टल्साला ऑपरेशन झालं, तू फुलं पाठवली होतीस, पिवळी!"

"ऐका, मंडळी!" हा ओरडला. "गुडघ्यापर्यंत माहिती काढलीये! केवढी मोठी यंत्रणा असेल, विचार करा!" आणि लावली जाहिरात.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात फोनमधून त्याचाच आवाज आला. हळू. जुना.

"मावशी... आहेस ना?"

"आहे."

"कसा आहे गं गुडघा?"

काय सांगू तुम्हाला... मी खालीच बसले, ऑरव्हिलच्या पायरीवर. म्हटलं, "तुला माहितेय मी मीच आहे."

"न माहीत असायला काय झालं? पण ऐक ना, लोकांना आत्ता असले प्रश्न नको आहेत गं. मी आज कॅमेऱ्याबद्दल एक शब्द वाकडा बोललो ना, तर उद्या मलाच भाडोत्री ठरवतील. तू समजूतदार आहेस. आपल्या माणसासाठी एवढं करशील ना?"

"एवढं म्हणजे काय रे?"

"फोन नको करूस. बस."

म्हणजे मी मेलेलीच राहायचं! आपल्या माणसासाठी! आणि मी काय म्हणाले असेन? ओरडले असेन? शिव्या घातल्या असतील? अहो, मी म्हटलं, "बरं, बाळा. तू जेवत जा वेळेवर." आणि त्यानं फोन ठेवला, आणि ऑरव्हिलच्या ट्रॅक्टरवरच्या रेडिओतून पुन्हा तो भरल्या गळ्यानं बोलायला लागला, "लव्हॉन मावशी, जिथे असशील तिथे..." ऑरव्हिलनं हात लांब करून रेडिओ बारीक केला. बंद नाही केला. बारीक केला.

बरं, इथवर मी सोसलं. पण मग आली नेडीन.

नेडीन म्हणजे कॅन्सस राज्यातल्या सलाइनाची. हॉलिसच्याच कार्यक्रमात ओळख झाली, दोघी एकदम फोनवर होतो, दोघींनाही नळाचं पाणी कडू लागत होतं. तेव्हापासून दर रविवारी चर्चहून आलं की आमचा फोन. तिच्या नवऱ्याचं आजारपण, माझं एकटेपण, दोघींच्या सुना-जावयांचा उद्धार, सगळं! पण भेट नाही, आणि एकमेकींचा फोटोसुद्धा पाठवला नाही, कारण फोनवरून फोटो पाठवले की ते 'त्यांच्याकडे' जमा होतात असं हॉलिसनं सांगितलेलं. म्हणजे बघा, जी बाई माझ्या पोटातलं सगळं जाणते तिला माझं तोंड माहीत नाही!

त्या श्रद्धांजलीनंतर तिचा रविवारचा फोन बंद झाला, मी केला तर उचलेना. तर एका दुपारी दाराशी गाडी थांबली आणि एक उंच, वाळकी बाई उतरली, हातात फुलं. पत्रपेटीच्या खांबाशी ठेवली, मान खाली घालून उभी राहिली. मी जाळीच्या दारातून बघितलं आणि आतून आपोआपच कळलं. "नेडीन!" म्हणून ओरडत मी बाहेर!

ती दोन पावलं मागे सरली. "तुम्ही... तुम्ही त्या आहात होय."

पुन्हा तुम्ही.

"अगं, मी लव्हॉन! मी मीच आहे!"

"तुम्ही तसंच म्हणणार. तुम्हाला तसंच सांगितलेलं असणार." आणि यावर काय बोलायचं, सांगा मला? मी तिला त्या रविवारचं सांगितलं, तिची बहीण गेली तेव्हाचं. ती म्हणाली, "आमचे फोन ऐकत होते, ते मला माहीतच होतं." जे जे खरं ते ते माझ्या विरुद्ध!

तरी घरात घेतलं. इतक्या लांबून गाडी चालवत आलेली, चेहरा सुकलेला. बसली. आणि बोलायला लागली लव्हॉनबद्दल. म्हणाली, "तुम्हाला ती माहीत नाही. फार चांगली होती. माझा नवरा अंथरुणाला खिळला, तर सगळ्यांनी 'काही लागलं तर सांग' म्हटलं. तिनं एकटीनं विचारलं, 'नेडीन, तू जेवलीस का?'" मी ऐकतच राहिले. माझ्याबद्दल असं मला कुणी सांगितलं नव्हतं हो कधी...

मग मला राहवेना. म्हटलं, "नेडीन, हॉलिसला माहितेय. तो स्वतः मला म्हणाला, जाहिरातीच्या वेळात." तिनं पर्स उचलली, उठली. "हॉलिस खोटं बोलणार नाही," म्हणाली. "माझ्याकडे सकाळी दुसरं कुणी नसतं बोलायला. तो खोटं बोलणार नाही."

तिचा हात दाराच्या कडीवर. आणि मला दिसलं, ही आता गेली तर पुन्हा येणार नाही. आणि जाताना माझ्यापाशी काही शिल्लक ठेवणार नाही, आणि तिच्यापाशीही ना लव्हॉन उरेल, ना हॉलिस. मी म्हटलं,

"थांबा, नेडीनबाई. खोटं बोलले मी. मी ती नव्हे."

तिनं श्वास सोडला. चेहरा असा सैल झाला! परत येऊन बसली, माझ्या हातावर हात ठेवला. "बघा, खरं बोललं की किती मोकळं वाटतं. तुमचाही नाइलाज असेल. माणसाला काम करावं लागतं." मी म्हटलं, "हो ना." मग काय करणार, पाहुणी आलेली... पीचचं कॉब्लर केलेलं होतं, वर खुसखुशीत पारी, आत साखरेत शिजलेले पीच. फोनवर तिला किती वेळा कृती सांगितली असेल, आणि ती दर वेळी म्हणायची, एकदा तुझ्या हातचं खायचंय गं. गरम करून वाटीत वाढलं. तिनं घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. वाटी खरवडून संपवली.

"छान झालंय," म्हणाली. "पण खरं सांगू? राग मानू नका हं. लव्हॉनच्या हातचं याहून चांगलं असणार."

म्हटलं, "असणारच हो. तिची गोष्टच वेगळी होती."