टिचकीला वाजणारा कपॅसिटर

स्वस्तातला माल कुणी गळ्यात मारला ना, की माझं डोकंच फिरतं. बाबांना भजनं ऐकायला मी घरीच ॲम्प्लिफायर जोडत होतो. आवाज आत शिरतो तिथे फिल्मचा कपॅसिटर हवा. सिल्व्हर पार्कजवळच्या दुकानदाराने सिरॅमिकचा टेकवला. आवाज फाटायचा, आणि ॲम्प्लिफायरच्या डब्याला नुसती टिचकी मारली तरी स्पीकरमधून 'ढब' यायचं. गेलो भांडायला.

"चल जाएगा, साहब."

"मेरे को नहीं चलेगा!"

फिल्मचा घेऊनच परतलो. सोल्डरिंग गन तापवली, तर आई आडवी आली.

"हात लावू नकोस त्याला."

"अगं, खराब आहे तो. टिचकीला वाजतो!"

"म्हणूनच. बघ जरा."

भजन चालू होतं आणि बाबांचं बोट डब्यावर होतं. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे ते. पक्षाघाताने वाचा गेली, अंगही गेलं, ते एक बोट तेवढं उरलं. दर समेला स्पीकरमधून 'ढब'.

मी वाकून विचारलं, "बाबा, आवाज साफ येईल. बदलू?"

त्यांनी डोळे वटारले आणि ताल सोडून डबा ठोकला. ढब! ढब! ढब!

पक्षाघातानंतर पहिल्यांदाच बाबा माझ्यावर ओरडले.